आषाढातला जुवा

कुलूप पहिल्याच वळशाला उघडलं. मी दारात उभी, खांद्यावर भिजलेली पिशवी, केसांतून पाणी निथळतंय आणि हातात उघडलेलं कुलूप. गेल्या भाद्रपदात गणपती पोचवून आम्ही सगळे निघालो तेव्हा हे दार लागलं होतं. त्यानंतर आमच्यापैकी कोणीही इकडे फिरकलं नव्हतं. खाडीच्या हवेत लोखंडाचं काय होतं ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. खिडकीचे गज सोलून निघतात, बिजागऱ्या धरून बसतात, पत्र्याचा डबा एक पावसाळा काढत नाही. बाबा घराकडे यायला निघाले की पिशवीत सगळ्यात खाली हातोडी ठेवायचे, आणि त्यांच्या सवयीनं मीही ती आणली होती. तिला हात लावावाच लागला नाही. कुलूप दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं होतं, वरून सुंभाची गाठ होती. गाठ सोडून कुलूप हातात घेतलं तर बोटं तेलकट झाली. वास घेतला, खोबरेल. आणि ते तेल भाद्रपदातलं नव्हतं, ते नुकतं लावलेलं होतं.

त्या वेळी विचारायला आसपास कोणी नव्हतं. पण आत जाऊन खिडक्या उघडताना, कोपऱ्यातली वाळवी झाडताना, ओले कपडे वळणीवर टाकताना माझं लक्ष राहून राहून त्या कुलपाकडेच जात होतं.

आम्ही मुंबईची माणसं जुव्यावर, म्हणजे खाडीतल्या आमच्या बेटावर, येतो ती मे महिन्यात नाहीतर गणपतीत. मे महिन्यातला जुवा मला तोंडपाठ आहे. तापलेली वाळू, माडांची लांब सावली, खळ्यात पसरलेली आमसुलं, ओहोटीला उघडा पडलेला चिखल आणि त्यात मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला वाकलेल्या बायका. गणपतीतला जुवाही माहीत आहे, पडवीत मावणार नाहीत एवढी माणसं आणि रात्री उशिरापर्यंत चाललेली भजनं. मधला आषाढ-श्रावण मात्र आम्ही भावंडांनी कधी पाहिलाच नाही. लहानपणी हट्ट केला तरी बाबा सरळ नाही म्हणायचे. "पावसात तिथे पाहुण्याचं काम नाही," एवढंच. त्यांच्या पिढीला पाण्याची भीती होती, आणि ती उगाच नव्हती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमचे आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते. त्या बोटीवर आमचं कोणी नव्हतं, तरी आजी पुढे आयुष्यभर पावसात होडीत बसायची वेळ आली की आधी खाडीला हात जोडायची. बाबा गेले तेव्हा वारसांच्या नोंदीत भावांच्या जोडीनं माझंही नाव सातबाऱ्यावर चढलं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ लाच मिळाला. आमच्या घरच्या उताऱ्यावर माहेरवाशिणीचं नाव लागलं ते मात्र आत्ता. काही गुंठे, तेही सामाईक. पण तो कागद हातात आला आणि मला वाटलं, आता मी पाहुणी नाही. मग बाबा जे दाखवायला तयार नव्हते ते बघून यावं.

कणकवलीला गाडी उशिरा लागली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक धरूनही उशीरच. तिथून एसटी, मग रिक्षा, आणि तरीवर, होडी सुटते त्या काठावर, पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. होडी काठाला बांधून ठेवलेली. समोर कालावलच्या खाडीत आमचा जुवा. माडांच्या मागून आमच्या कौलांची एक कड दिसत होती, शेजारच्या घरातला चुलीचा धूर पावसात वर न जाता छपरालगत सरकत होता. मोठ्यानं हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल एवढंच अंतर. आणि जाता येत नव्हतं. "वायच दम धरा," तारी म्हणाला. "ओहोटी आसा, वरसून पाणी पण इला. आता सोडलंय तर सरळ तळाशीलाक." त्या दिवशी वद्य षष्ठी होती. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. षष्ठीला साडेचार. म्हणजे साडेदहाच्या सुमाराला पाणी पुरतं ओसरणार आणि मग फिरणार. एरवी ओहोटीतही होडी आरपार जाते. पण रात्रभर सह्याद्रीत कोसळत होतं, गडनदी तुडुंब वाहत होती, आणि नदीचा लोंढा नि ओहोटीची ओढ दोन्ही एकाच दिशेला, समुद्राकडे. भरती लागली की समुद्र नदीला मागे रेटतो, पाणी थोडं सुस्त होतं, तेवढ्या अवधीत होडी सोडायची.

तर छपराखाली बसलो. औषधं घेऊन परतणारी एक म्हातारी, मांडीवर दप्तर घेतलेला एक शाळकरी मुलगा, गॅसच्या सिलिंडरवर हात ठेवून उभा असलेला एक तरुण. कोणालाच घाई नव्हती. मी मात्र सुरुवातीला घड्याळ बघत होते, पलीकडचं घर बघत होते, पुन्हा घड्याळ. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जाणारी प्रवासी होडी तर मेअखेरीला थांबते ती ऑगस्ट संपेपर्यंत. किल्ल्यात पिढ्यानपिढ्या राहणारी मोजकी कुटुंबं त्या तटांच्या आत पावसाळा काढतात. त्या मानानं आमचा जुवा खाडीच्या कुशीत आहे, रोज निदान काही तास वाट उघडी असते. पण ते तास कुठले, हे माणूस ठरवत नाही. मुंबईत आम्ही 'आमचं बेट' म्हणतो, अभिमानानं म्हणतो, आणि ते पाण्यानं वेढलेलं आहे ही गोष्ट मला त्या छपराखाली बसून पहिल्यांदा अंगाला लागली. मे महिन्यात खाडी दोन पावलांवर आल्यागत वाटते. आषाढात ती खरोखरच मध्ये उभी असते.

अकरानंतर तारी उठला. होडीत शिरताना म्हातारीनं न विचारता माझी छत्री मिटवली. वाऱ्यानं छत्री धरली तर होडी कलते. भिजायचंच होतं. पाणी तांबडं, दाट, त्यावर फेसाचे पुंजके, एक मुळासकट उपटलेलं केळीचं झाड, सुटे नारळ. वल्ह्याचा आवाज पावसात ऐकू येत नव्हता, फक्त तारी वाकताना त्याच्या तोंडून निघणारा हुंकार येत होता. एरवी इथून एका अंगाला मसुऱ्याचा भरतगड आणि पलतडीला भगवंतगड दिसतात, खाडीच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत बसलेले. त्या दिवशी दोन्ही पुसले गेले होते. मी ते आठवणीनंच आपापल्या जागी ठेवले. तळाशीलच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडून समुद्राची गाज येत होती, खंड नसलेली. ती गाज पुढे रात्रंदिवस कानांत होती. मे महिन्यात मी ती कधी ऐकलीच नव्हती.

आमचं घर पावसात वेगळंच आहे. उन्हाळ्यात जी पडवी बसायची जागा असते तिला पश्चिमेच्या बाजूनं माडाच्या झावळ्यांचे झाप लावून बंद केलेलं. झाप कोणी लावले, हाही प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. आत दिवसा काळोख. जमिनीवर पाय ठेवला की शेणाचा जुना थर थंड, किंचित मऊ लागतो. भिंतीला पाठ टेकली तर पाठ ओली. धान्याच्या कणगीचा, जुन्या गोधड्यांचा, भिजलेल्या चिऱ्याचा आणि कुठेतरी मेलेल्या पालीचा असे वास एकात एक मिसळलेले. आणि वर पावसाचा आवाज. तो कौलांवर एकसारखा नाही. माजघरावर जुनी मंगलोरी कौलं आहेत, जाड, गच्च. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून असली कौलं किनाऱ्याकिनाऱ्यानं गलबतांतून येत राहिली, आमची कधी आली ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्यावर पाऊस घुमतो. मागच्या पडवीवर पत्रा आहे, त्यावर तो नुसता कडकडतो. दोहोंच्या मध्ये मोरीजवळ एक कौल सरकलंय. तिथे थेंब पडत होता, आणि त्या थेंबाखाली आधीच एक टोप ठेवलेला होता. टोप भरत आला होता, पण ओसंडला नव्हता.

संध्याकाळी काकी आली. नात्यानं बाबांच्या चुलतभावाची बायको, वयानं सत्तरीपार, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात वाफाळती पेज. "पावसात कशाक इलंस गो? गणपतीक येतलंस ना?" हा तिचा पहिला प्रश्न. त्यात राग नव्हता, नवलही नव्हतं, खरोखरच कारण हवं होतं तिला. मी म्हटलं, घर बघायला. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा टोपाकडे बघितलं आणि टोप मोरीत रिता करून पुन्हा जागेवर ठेवला. पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा आणि फणसाच्या घोट्या, म्हणजे आठळ्या. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत जुव्यावर ताजं मिळतं ते खाडीच्या काठानं जाळ्यात आलेलं तेवढंच, बाकी सगळं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्यावर. निखाऱ्यावरच्या बांगड्याचा वास भिंतींच्या ओलीत मुरला आणि त्या घरात माणूस आहे असं पहिल्यांदा वाटलं.

मग मी कुलपाचं विचारलं.

"मियाच लायतंय," ती म्हणाली. दर एकादशीला. खोबरेलाची वाटी आणि कोंबडीचं पीस घेऊन निघायचं, किल्लीच्या भोकात पिसानं तेल सोडायचं, कडीला बोटानं लावायचं, वरून पिशवी बांधायची. फक्त आमच्याच नाही, वाडीतल्या सगळ्या बंद घरांच्या कुलपांना. एकादशी एवढ्यासाठी की उपासामुळे दिवस लक्षात राहतो. कोणी सांगितलं होतं का? "सांगूक कशाक होया? कुलूप गंजला की तोडूचा लागता. तोडलेल्या कुलपाच्या घरात माणूस शिरता तेव्हा त्याका बरा वाटत नाय." एवढं बोलून ती बांगड्याचा काटा काढू लागली. मी गप्प बसले. दर वर्षी गणपतीला आम्ही येतो, कुलूप उघडतं, आणि बाबांची हातोडी पिशवीतच राहते. आम्ही समजायचो, कुलूप चांगल्या कंपनीचं आहे.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा विसावला तेव्हा वाडी फिरले. उघडी दारं बोटांवर मोजण्याइतकी. बंद दारांपुढच्या खळ्यांत गवत गुडघाभर, तुळशी वृंदावनांवर शेवाळ, आणि प्रत्येक कडीला सुंभानं बांधलेली एक पांढरी पिशवी. ही घरं रिकामी कशी झाली ते कोकणात कोणाला सांगायला नको. आमचे आजोबा मालवणहून बोटीनं मुंबईला गेले. ती बोट पावसाळ्यात बंद असायची, म्हणून आषाढात जुव्यावर काही झालं तर मुंबईच्या माणसाला ते पत्रानं, घाट चढून गेलेल्या टपालानं, उशिरा कळायचं. बाबा लालबागच्या गिरणीत लागले. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा ते आईला आणि आम्हाला घेऊन इथे येऊन राहिले, आणि मे संपता संपता परत मुंबईला गेले. का गेले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. संप तर तेव्हाही चालूच होता. काकीला ते आठवतंय. "पाऊस लागाच्या आधी गेलो तो," ती म्हणाली. "बांधार माती घालूक म्हणान इललो. घातली, आणि गेलो."

जवळच्या आचऱ्याला गावपळण होते. चार वर्षांनी एकदा देव रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर पडतं, तीन दिवस तीन रात्री माळावर राहुट्यांत राहतं आणि परतण्याचा कौल मिळाला की घरी येतं. लहानपणी मला त्या गोष्टीचं फार अप्रूप होतं, सगळं गाव रिकामं, आणि तरी कोणाच्या मनात शंका नाही. वाडीतून चालताना ती आठवत होती. आमची माणसंही अशीच घरं लोटून निघाली होती, कायमचं जायचं असं कोणीच बोललं नव्हतं. फक्त परतीचा कौल कोणी लावायचा हेच ठरलं नाही.

जुव्यावर मला सगळ्यात जास्त आवडते ती बाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड पाण्याची विहीर, हे लहानपणी आम्हाला देवाचं देणं म्हणून सांगितलं जायचं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. म्हणून उन्हाळ्यात बावेवर शिस्त असते, एकदम उपसा केला तर खालचं खारं वर येतं आणि मग सगळ्या वाडीचं तोंड मचूळ होतं. त्यामुळे इथे पंप लावायला अजून सगळे कचरतात. मे महिन्यात रहाटाचा दोर संपत आला की कळशी टेकायची. आता पाणी काठापासून हातभर खाली होतं, वाकून तांब्यानं घेता येईल इतकं वर. मी तसं घेतलं आणि प्यायले. पावसाची चव, थोडी मातीची, आणि मिठाचा कणही नाही. बावेत अजून थेंब पडत होते आणि ते वर्षाचं पाणी साठत होतं, आम्ही मे महिन्यात येऊन पितो ते.

बांधाकडे मला काकीनंच नेलं. तिची लावणी राहिली होती. जुव्याचा खालचा भाग शेतीचा, आणि तो खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे. तो पाण्याखाली नाही तो केवळ मातीच्या एका बांधामुळे. ही गोष्ट मी ऐकली होती, पण वरून चालत गेले तेव्हाच डोळ्यांनी समजली. उजव्या हाताला खाडीचं तांबडं पाणी माझ्या घोट्याशी, डाव्या हाताला हिरवे कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, पुरुषभर खाली. मध्ये आपण. पहिल्या पावसात या कुणग्यांतली माती खारट असते, त्यामुळे लगेच काही लावता येत नाही. पावसाचं पाणी साचू द्यायचं, मीठ त्यात उतरलं की ओहोटीला ते बांधातल्या लाकडी दारातून सोडायचं, पुन्हा साचू द्यायचं, पुन्हा सोडायचं. दार असं टांगलेलं की बाहेरून भरती रेटली तर आपोआप मिटतं आणि आतलं पाणी ओहोटीला ढकलून उघडतं. पण त्यात ओंडका, फांदी, प्लास्टिक अडकलं तर रात्रीत शेत गेलं. म्हणून भरतीच्या वेळेला कोणीतरी जाऊन बघावं लागतं. आषाढातल्या रात्री बारा वाजोत की तीन, काकी बॅटरी घेऊन जाते. तिचा मुलगा गोव्यात नोकरीला आहे.

बांध चालत चालत आम्ही टोकाला आलो आणि तिथे तो नव्हता. पाच-सहा पावलांचं खिंडार, कडा पाण्यानं गोल झिजलेल्या. "ह्यो तुमचो," काकी म्हणाली. अगदी सहज, शेजारच्या झाडाचं नाव सांगावं तितक्या सहज. खाडीच्या काठचे बांध एकेका घराला वाटून दिलेले असतात, जमीन ज्याची त्याच्या पुढचा तुकडा त्यानं राखायचा. आमच्या तुकड्याला काका होते तोवर माती पडत होती. वाळूचा उपसा वाढल्यापासून काठ जास्तच खचतो असं इथली माणसं सांगतात. काही असो, खिंडार जुनं होतं. आणि आतला आमचा कुणगा आता कुणगा राहिला नव्हता. त्यात कांदळवन उभं होतं.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. कांदळाची मुळं खोडापासून कमानीनं सुटून चिखलात रुतलेली, त्यांच्यामधून भरतीचं पाणी हळूहळू आत सरकत होतं, लहान खेकडे मुळांवर चढत होते. झाडांना लांब हिरव्या शेंगा लोंबत होत्या. त्यातली एक हातात घेऊन बघितली, वीतभर लांब, खाली टोकदार. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि ही शेंग म्हणजे खरं तर त्याचं कोवळं रोप. पावसाळ्यात ती गळतात. ओहोटी असेल तर खाली चिखलात उभीच रुततात, भरती असेल तर पाण्यावर वाहत जाऊन दुसरीकडे काठाला लागतात. माझ्या देखत एक गळली, पाण्यात आडवी झाली आणि खिंडारातून आत, आमच्या जमिनीवर गेली. आजोबांनी जिथे भात लावला होता तिथे. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, घशाशी आलं. पण त्याच वेळी ती जागा सुंदर होती, आणि मी ते नाकारू शकत नाही. शेतात नसतील इतके पक्षी त्या झाडीत होते. ही झाडं काठ धरून ठेवतात. २०२० मध्ये महाराष्ट्रानं पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान दिला, कांदळवन तोडायला तर उच्च न्यायालयाची २००५ पासून मनाई आहे. तोडावीत असं माझ्या मनात आलंही नाही. मनात आलं ते काकीचं शेत. कारण आमचा बांध फुटल्यावर खाडी आमच्या कुणग्यात आली आणि तिच्या कुणग्याच्या मेरेला, दोन कुणग्यांमधल्या लहान बांधाला, येऊन टेकली. गुरुपौर्णिमेच्या उधाणात पाणी त्या मेरेवरून गेलं होतं. तिच्या कडेच्या दोन ओळी भाताच्या पिवळ्या पडल्या होत्या. तिनं ते दाखवलं नाही. मला दिसलं.

वडिलोपार्जित म्हणजे मी आजवर घर समजत होते. देवघरातले टाक, माजघराचा खांब, फणसाचं झाड. हे सगळं ज्याच्यामुळे जागेवर आहे तो बांध आमच्या कुठल्याच आठवणीत नव्हता, कारण त्याचं काम आम्ही नसताना चालतं. बाबा ८२ साली संप सोडून माती घालायला आले होते, आणि त्यांनी आम्हाला ते कधी सांगितलं नाही.

मग मी काकीबरोबर लावणीला उतरले. तिनं नको म्हटलं, मी ऐकलं नाही. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी तिच्या मागे मागे नेऊन द्यायच्या, एवढंच काम तिनं मला दिलं, लावायला हात घालू दिला नाही. चिखल पोटऱ्यांपर्यंत, कोमट. वर पाऊस थंड. मुठीचं मूळ सोडवताना बोटांत मातीचा गोळा येतो तो पाण्यात झटकायचा, मग रोप सुटं होतं. काकी वाकली की सरळ होतच नव्हती. तीन तीन काड्या अंगठ्यानं रोवत मागे मागे सरकत होती आणि तिच्यापुढे हिरव्या रेषा उमटत होत्या. म्हाताऱ्या पावसाची, म्हणजे पुष्य नक्षत्रातल्या पावसाची, झड एकदा लागली की थांबायचं नाव नाही. तिच्या पाठीवरच्या खोळीवर तो तडतडत होता आणि ती मला सांगत होती की बाबांना लहानपणी हेच काम असायचं, मुठी पोचवायचं, आणि ते मध्येच पळून खाडीवर जायचे.

रेंज फक्त तरीच्या धक्क्यावर मिळते. रात्री तिथे छत्री धरून दादाला फोन केला. तो आधी म्हणाला, फोटो पाठव. मग म्हणाला, एवढा बांध पुन्हा घालायचा तर यंत्र लागेल, परवानग्या लागतील, आणि आत झाडं उगवली आहेत म्हणतेस. मी म्हटलं, बाहेरचा बांध नकोच. तो कुणगा कांदळांना गेला, जाऊ दे. आपल्या नि काकीच्या मधली जी मेर आहे तीच बांधाएवढी उंच करायची. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या बाजूला टीव्ही चालू होता. आजोबांची जमीन सोडायची, असं तो म्हणाला, आणि मी हो म्हटलं. ते बोलताना माझा आवाज नीट लागला नाही. मग त्यानं विचारलं की मेर किती लांब आहे, आणि मला ते सांगता येईना, म्हणून सकाळी पावलं मोजून कळवते म्हटलं.

सकाळी मोजायला गेले तर काकी तिथेच होती. मी तिला सांगितलं काय ठरतंय ते. ती मेरेवर उभी राहून आमच्या बाजूच्या झाडीकडे बघत राहिली. "तुझो आजो असतो तर आयकलो नसतो," ती म्हणाली. मग तिनं पायानं माती दाबून बघितली. पावसात काही करून उपयोग नाही, घातलेली माती तशीच वाहून जाईल. चिखल काढायचा तो वैशाखातल्या अमावास्येला, तेव्हा ओहोटीला पाणी लांब जातं आणि उन्हात आठ दिवसांत माती धरते. एवढ्या मेरेला पाच माणसं हवीत. दोन ती बघेल.

"तीन तुमची," ती म्हणाली. "आणि जेवूक घालूचा माझ्याकडे. पण येवा म्हंजे येवा, गो. गणपतीक बोलतास तसा नको."

मी पावलं मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि दादाला कळवायला धक्क्याकडे निघाले.